रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि दात काढणे : गोळी थांबवण्याचा धोका रक्तस्रावाहून मोठा

बीरगांव (रायपूर, छत्तीसगड) : रायपूर शहराच्या उत्तरेला, उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांना लागून बीरगांव वसले आहे. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने आणि त्यांवर पोट असलेल्या कामगारांच्या वस्त्या ही या भागाची ओळख. अशा वस्तीत दाढ दुखू लागली की माणूस आधी लवंग चावतो, मग औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणतो आणि तेवढ्याने भागले नाही तरच दवाखान्याची पायरी चढतो. एरवी हे प्रकरण तासाभरात, दात काढून संपते. मात्र त्या माणसाच्या हृदयात कृत्रिम झडप असेल, पूर्वी लकव्याचा झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला असेल, तर त्याच्या खिशात ‘रक्त पातळ करण्याची’ एखादी गोळी असते, आणि मग साधी दाढ काढणे हा निर्णयाचा विषय होतो.

अशा वेळी सामान्यतः तीन गोष्टी घडतात. एक तर दात काढण्यास नकार मिळतो आणि रुग्ण दुखणे दाबत महिनोन्‌महिने फिरत राहतो. दुसरे म्हणजे ‘पाच दिवस गोळी बंद करून या’ असा सल्ला मिळतो. तिसरा प्रकार असा की रुग्ण गोळीचा उल्लेखच करत नाही आणि दात काढल्यावर रात्री तोंडातून रक्त थांबेनासे झाले की घरात धावपळ सुरू होते. या तिन्हींत दुसरा मार्ग वरकरणी सर्वांत सावध वाटतो. वैद्यकशास्त्राचा गेल्या तीन दशकांचा अनुभव मात्र सांगतो की बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तोच सर्वांत धोक्याचा असतो.

गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घालावे तसे काही घडत नाही. रक्ताची गुठळी बनण्याची प्रक्रिया मंदावते, एवढेच. ही औषधे दोन प्रकारची आहेत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटू देत नाहीत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आणि स्टेंट बसवलेल्यांना ती दिली जातात. वॉरफेरिन आणि भारतात ‘ॲसिट्रॉम’ या नावाने अधिक ओळखले जाणारे ॲसेनोकुमारॉल ही जीवनसत्त्व ‘के’च्या कामात अडथळा आणून यकृतात तयार होणारे गुठळीचे घटक कमी करतात. डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान ही त्याच कामाची नवी औषधे थेट एखाद्या घटकालाच अडवतात. दंतवैद्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक प्रकारात तयारी वेगळी असते.

वॉरफेरिनचा जन्मच रक्तस्रावातून झाला आहे. १९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेला ‘स्वीट क्लोव्हर’ हा चारा खाल्लेली गुरे शिंगे कापण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्त वाहून मरू लागली. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एका शेतकऱ्याने हिमवादळातून गाडी हाकत मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेले भांडे विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आणले. तेथील संशोधनातून आधी डायकुमारॉल आणि पुढे वॉरफेरिन हाती आले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी वापरण्यास मंजुरी मिळाली. त्या गुरांना कोणी मोजून मात्रा दिली नव्हती. माणसाला ती मोजून देता येते, हाच काय तो फरक.

ही मोजणी ‘आयएनआर’ या रक्तचाचणीने होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही पद्धत स्वीकारल्यापासून एका प्रयोगशाळेतील निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेतील निष्कर्षाशी ताडून पाहता येऊ लागले. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. पायातील गुठळी किंवा हृदयाचे अनियमित ठोके असलेल्या रुग्णांत तो साधारण २ ते ३ दरम्यान ठेवतात. कृत्रिम झडप कोठे व कोणत्या प्रकारची आहे, यानुसार काहींना २.५ ते ३.५ पर्यंतही ठेवावा लागतो.

नव्या गोळ्या असूनही जुनी गोळी का

शहरांतील अनेक वयस्क रुग्ण आता नव्या गोळ्यांकडे वळले आहेत. त्यांना वारंवार रक्त तपासावे लागत नाही आणि जेनेरिक उपलब्ध झाल्यापासून किमतीही उतरल्या आहेत. तरीही भारतात वॉरफेरिन आणि ॲसेनोकुमारॉल मागे पडलेले नाहीत, याचे मोठे कारण संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार हे आहे. लहानपणी घशाला झालेल्या जिवाणूसंसर्गानंतर हा ताप येतो आणि पुढे हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो. दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांत तो अधिक आढळतो, आणि त्यामुळे झडप बदलून घेतलेला रुग्ण अनेकदा तिशी-चाळिशीतला, कामावर जाणारा स्त्री-पुरुष असतो.

भारतात अशा रुग्णांना परवडणारी झडप तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली आणि तेव्हापासून एक लाखाहून अधिक झडपा वापरल्या गेल्या आहेत. झडप कोणतीही असो, ती धातूची असेल तर गुठळीरोधक गोळी जन्मभराची. या रुग्णांत डॅबिगाट्रान वापरून पाहणारी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने अर्ध्यावर थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताचा हृदयविकार आणि अनियमित ठोके असलेल्या ४५०० हून अधिक रुग्णांवरील, भारताचा मोठा सहभाग असलेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीतही २०२२ मध्ये रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या गोळ्याच सरस ठरल्या. त्यामुळे दंतवैद्याच्या खुर्चीवर बसणाऱ्या तरुण हृदयरुग्णाच्या हातात आयएनआरची वही असणे, हे चित्र येती अनेक वर्षे तरी बदलणारे नाही.

आता प्रश्न गोळी थांबवण्याचा. वॉरफेरिन बंद केल्यावर त्याचा परिणाम उतरायला चार-पाच दिवस लागतात आणि पुन्हा सुरू केल्यावर तो पूर्ण चढायला तितकेच किंवा अधिक. ॲसेनोकुमारॉल शरीरातून लवकर जाते, पण परत पूर्ण परिणामकारक होण्यास त्यालाही काही दिवस लागतातच. म्हणजे ‘दाढेपुरती’ थांबवलेली गोळी प्रत्यक्षात आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ रुग्णाला उघडे पाडते. या काळात झडपेवर गुठळी बसली तर झडप अडकते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो.

अमेरिकी दंतचिकित्सक मायकेल वाल यांनी १९९८ आणि २००० मध्ये तोवर प्रसिद्ध झालेल्या अहवालांचा एकत्रित आढावा घेतला. गोळी चालू ठेवून दातांचे उपचार झालेल्या ९५० हून अधिक रुग्णांत, २४०० हून अधिक उपचारांनंतर, केवळ १२ जणांना तोंडातल्या तोंडात करावयाच्या उपायांपलीकडे काही करावे लागले. उलट ज्यांची गोळी थांबवली गेली त्यांच्यापैकी सुमारे एक टक्का रुग्णांना गंभीर स्वरूपाची गुठळी झाली आणि त्यांतील बहुतेक दगावले. टक्केवारी दोन्हीकडे जवळपास सारखी दिसते; पण एका बाजूला पुन्हा टाके घालणे किंवा फार तर रुग्णालयात एक रात्र काढणे आहे, तर दुसऱ्या बाजूला मृत्यू किंवा लुळा पडलेला हात. हा हिशोब मांडल्यावर सल्ला कोणत्या बाजूला झुकावा, यात फारसा वाद उरत नाही.

गोळी थांबवून त्या जागी हेपॅरिनची इंजेक्शने देण्याची रीतही बराच काळ होती. अनियमित ठोक्यांच्या १८८४ रुग्णांवरील २०१५ च्या ‘ब्रिज’ चाचणीत त्या रीतीने गुठळ्या कमी झाल्या नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र १.३ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेला. यांत्रिक झडपांचे रुग्ण त्या चाचणीत नव्हते, हे लक्षात घेतले तरी साध्या दातासाठी इंजेक्शनांचा हा खटाटोप आता सहसा सुचवला जात नाही.

खोबणीतले रक्त थांबते कसे

दात हाडातील खोबणीत बसलेला असतो आणि तंतूंच्या पातळ थराने हाडाला बांधलेला असतो. तो उपसला की या थरातील बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि खोबण रक्ताने भरते. हे रक्त पोटातल्या किंवा डोक्यातल्या रक्तस्रावासारखे दडलेले नसते. ते दिसते, त्यावर थेट दाब देता येतो आणि खोबणीच्या भोवताली हाडाची भिंत असल्यामुळे आत भरलेले साहित्य जागेवर टिकते. गोळी चालू असतानाही दात काढता येतो, याचे मूळ कारण हेच.

अडचण आहे ती लाळेची. लाळेत आणि तोंडाच्या अस्तरात गुठळी विरघळवणारी द्रव्ये असतात. त्यामुळे तोंडात बनलेली गुठळी त्वचेवरील खपलीइतकी चिवट नसते. त्यात जीभ सतत जखमेशी खेळत असते आणि रक्ताची चव आली की माणूस चूळ भरतो. चूळ भरली की गुठळी निघते. निघाली की पुन्हा रक्त, आणि पुन्हा चूळ. रात्रभर ‘थांबतच नाही’ म्हणून दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत हे चक्र नेहमी तपासून पाहावे लागते.

स्कॉटलंडमधील दंतसेवेसाठी तयार केलेली आणि २०२२ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे या विषयात सर्वाधिक वापरात असलेल्यांपैकी आहेत. वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्याचा आयएनआर ४ पेक्षा कमी असेल तर गोळी न थांबवता दात काढावा, असे ती सांगतात. चाचणी शक्यतो आदल्या २४ तासांतील असावी. ज्यांचा आयएनआर बराच काळ स्थिर आहे, त्यांच्यासाठी ७२ तासांपर्यंतची चालते. एकावेळी एक ते तीन दातांचे साधे काढणे हे कमी जोखमीचे मानले जाते. त्याहून अधिक दात, हिरडी उघडून करावे लागणारे काम किंवा हाडात रुतलेली अक्कलदाढ ही अधिक जोखमीची. अधिक दात काढायचे असतील तर ते टप्प्याटप्प्याने काढावेत. बीरगांवसारख्या ठिकाणी हा सल्ला पाळणे महागात पडते, कारण प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते आणि म्हणून ‘एकदाच काय ते काढून टाका’ असा आग्रह रुग्णाकडूनच होऊ शकतो. तो आग्रह न मानण्यात रुग्णाचेच हित आहे.

दिवसाची वेळही ठरवून घ्यावी. सकाळी आणि आठवड्याच्या सुरुवातीला दात काढला तर रक्त पुन्हा सुरू झाल्यास दवाखाना उघडा असतो. शनिवारी संध्याकाळी काढलेल्या दाताचा रक्तस्राव रविवारी पहाटे कोणाला दाखवायचा, हा प्रश्न टाळता येण्यासारखा आहे.

भुलेच्या इंजेक्शनात ॲड्रेनलिन मिसळलेले असेल तर रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात आणि काम स्वच्छ होते. हा परिणाम दोन-तीन तासांत ओसरतो आणि तेव्हा रक्त पुन्हा झिरपू शकते; म्हणून रुग्णाला लगेच घरी न पाठवता थोडा वेळ थांबवून खोबण पुन्हा पाहिली जाते. दात शक्य तितक्या हळुवारपणे काढून, सुजलेला, लोंबणारा तंतुमय भाग खरवडून, खोबणीत जिलेटिनचा स्पंज किंवा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी भरली जाते आणि हिरडीच्या कडा टाक्यांनी जवळ आणल्या जातात. त्यावर गॉझची घडी ठेवून रुग्णाने ती २० ते ३० मिनिटे घट्ट चावून धरायची. यांत महागडे असे फारसे काही नाही. सगळ्यांत परिणामकारक काम त्या चावून धरलेल्या गॉझचेच असते आणि ते रुग्णाला स्वतः करायचे असते.

याला जोड मिळते ट्रॅनेक्सामिक ॲसिडची. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या शास्त्रज्ञ दांपत्याने १९६२ मध्ये प्रकाशात आणलेले हे औषध गुठळी विरघळण्याची क्रिया अडवते. उताको ओकामोतो यांना ते बाळंतपणातील रक्तस्राव थांबवण्यासाठी हवे होते. तोंडातील गुठळीचा शत्रू विरघळणे हाच असल्याने दंतोपचारात ते नेमके लागू पडते. डेन्मार्कमध्ये गोळी न थांबवता तोंडाची शस्त्रक्रिया झालेल्या ३९ रुग्णांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. या औषधाच्या ४.८ टक्के द्रावणाने दिवसातून चार वेळा दोन-दोन मिनिटे, सात दिवस गुळणी करणाऱ्या गटात एकालाच पुन्हा रक्तस्राव झाला. औषधाविना गुळणी करणाऱ्या गटात तो आठ जणांना झाला.

भारतात हे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तयार गुळणी सर्वत्र मिळतेच असे नाही. पण ५०० मिलिग्रॅमची गोळी बारीक करून १० मिलिलिटर पाण्यात कालवली की सुमारे पाच टक्के द्रावण तयार होते, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून अनेक ठिकाणी ते तसेच वापरले जाते. इंजेक्शनच्या कुपीतील द्रावणात भिजवलेली गॉझ खोबणीवर दाबून धरणे हा दुसरा सोपा उपाय. द्रावण तोंडात हळुवार धरून बाहेर सोडायचे, खळाळून चूळ भरायची नाही आणि गिळायचेही नाही. पोटातून ही गोळी घेणे हा वेगळा निर्णय आहे. झडप किंवा स्टेंट असलेल्याने तो स्वतःहून कधीच घेऊ नये.

या गुळणीबद्दल तज्ज्ञांचे पूर्ण एकमत नाही. अमेरिकेतील छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये गोळी चालू ठेवून तिच्या जोडीला अशी गुळणी देण्यास पसंती दिली. स्कॉटलंडची मार्गदर्शक तत्त्वे ती सरसकट सुचवत नाहीत. नवी गुठळीरोधक औषधे घेणाऱ्या २१८ रुग्णांवरील बेल्जियमच्या चाचणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, गुळणीने एकूण रक्तस्राव फारसा कमी केला नाही; उशिरा होणारा आणि अनेक दात काढल्यानंतरचा रक्तस्राव मात्र कमी आढळला. गॉझ आणि टाके नीट झाले नसतील तर गुळणी त्यांची जागा घेऊ शकत नाही, असाच याचा अर्थ लावता येईल.

नव्या गोळ्यांचे गणित वेगळे आहे. त्यांचा प्रभाव आयएनआरवरून कळत नाही, त्यामुळे ‘आयएनआर चांगला आहे’ म्हणून निर्धास्त राहणे ही चूक ठरते. साध्या काढण्यासाठी या गोळ्यांतही बदल लागत नाही. अधिक जोखमीच्या कामासाठी दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीचा त्या दिवशीचा सकाळचा डोस वगळण्यास किंवा दिवसातून एकदा घ्यायची गोळी उपचारानंतर काही तासांनी घेण्यास सांगितले जाते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत ही औषधे शरीरात साठून राहतात, म्हणून त्यांची माहिती आधी द्यावी.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांच्या बाबतीत तर अमेरिकन हार्ट असोसिएशनने अमेरिकन डेंटल असोसिएशनसह इतर संघटनांना सोबत घेऊन जानेवारी २००७ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की स्टेंट बसवलेल्यांनी दंतोपचारासाठी या गोळ्या मुदतीआधी थांबवू नयेत. स्टेंट अचानक बंद पडणे हे जीवघेणे असते. या दोन गोळ्या एकत्र असताना रक्त झिरपण्याचा वेळ लांबतो. ते दाबाने आणि टाक्यांनी हाताळता येते. स्टेंट नुकताच बसवला असेल आणि दाताचे काम तातडीचे नसेल तर ते पुढे ढकलणे, हाच येथे शहाणपणाचा मार्ग.

आयएनआर ४ च्या वर असणारे, दोन-तीन प्रकारची औषधे एकत्र घेणारे, यकृताचा आजार किंवा दारूचे दीर्घ व्यसन असणारे, डायलिसिसवर असणारे, यांचे दात लहान दवाखान्यात काढू नयेत. बीरगांवहून रायपूरमधील शासकीय दंत महाविद्यालय किंवा टाटीबंध येथील ‘एम्स’ गाठता येते. हृदयविकार, रक्तविकार आणि दंतविभाग एकाच छताखाली असणे अशा रुग्णांसाठी उपयोगाचे ठरते. डायलिसिसच्या वेळी हेपॅरिन दिले जात असल्याने त्या रुग्णांचा दात डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढणे बरे.

कृत्रिम झडप असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट रक्तस्रावाइतकीच महत्त्वाची आहे. दात काढताना तोंडातील जिवाणू रक्तात जाऊन झडपेवर बसू शकतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशीनुसार अशा रुग्णाला उपचारापूर्वी ३० ते ६० मिनिटे आधी ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅमचा एकच डोस दिला जातो. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास पर्यायी औषध. म्हणून झडप असल्याचे दंतवैद्याला सांगणे दोन कारणांनी आवश्यक आहे.

घरी गेल्यावर

दात नीट काढला, रक्त थांबले, रुग्ण घरी गेला आणि चार दिवसांनी पुन्हा रक्त सुरू झाले, तर शोध अनेकदा औषधांच्या चिठ्ठीपाशी संपतो. दात काढल्यावर ॲमॉक्सिसिलिनसोबत मेट्रोनिडाझोल लिहून देण्याची पद्धत भारतात रूढ आहे. मेट्रोनिडाझोल वॉरफेरिन आणि ॲसेनोकुमारॉलचे विघटन मंदावते आणि आयएनआर काही दिवसांत धोक्याच्या पातळीवर चढू शकतो. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांचाही असाच परिणाम होतो. तोंडातील बुरशीसाठी लावले जाणारे मायकोनाझोलचे जेल वरवर निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात त्यानेही आयएनआर मोठ्या प्रमाणात वाढल्याच्या नोंदी आहेत. गरज नसताना प्रतिजैविक न देणे आणि द्यावेच लागले तर तीन-चार दिवसांत आयएनआर पुन्हा तपासणे, हे पथ्य दंतवैद्याने पाळायचे आहे.

दुखण्याच्या गोळ्यांचे पथ्य मात्र रुग्णाच्या हाती असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, केटोरोलॅक ही औषधे बिंबिकांचे काम बिघडवतात आणि जठरात जखमा करतात. गुठळीरोधक गोळीसोबत त्यांनी पोटातून होणारा रक्तस्राव दातातून होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी घातक असतो. औषधाच्या दुकानात ‘दाढेची गोळी’ मागितली की हातात पडणाऱ्या पाकिटात यांपैकीच एखादे औषध असण्याची शक्यता मोठी. पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेतच, हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय.

पहिले २४ तास चूळ भरू नये, जोरात थुंकू नये, गरम चहा आणि कडक अन्न टाळावे, काम न झालेल्या बाजूने खावे, उशीवर डोके उंच ठेवून झोपावे. छत्तीसगडमध्ये या यादीत गुडाखूची भर घालावी लागते. तंबाखू आणि गूळ यांपासून बनवलेली ही काळसर लुगदी बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासण्याची सवय या राज्यात, विशेषतः कष्टकरी स्त्रियांत, खोलवर रुजलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत छत्तीसगडमधील सुमारे ४३ टक्के पुरुष आणि १७ टक्के महिला कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. तंबाखूने हिरड्या सुटतात आणि दात हलू लागतात, म्हणून दात काढण्याची वेळ येते. आणि दात काढल्यावर तेच बोट पुन्हा खोबणीवर फिरले तर गुठळी निघून येते. ‘तंबाखू बंद करा’ एवढे सांगितल्याने भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी गुडाखू म्हणजे तंबाखू नसून दंतमंजन असते. दंतवैद्याने ते नाव घेऊनच विचारायला हवे.

आहाराचेही तसेच. छत्तीसगडी जेवणात भाजी म्हणजे पालेभाजी : लाल भाजी, चेच, तिवरा, शेवग्याचा पाला म्हणजेच मुनगा भाजी. हिरव्या पानांत जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते आणि ते वॉरफेरिनच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाजी सोडायची नसते. रोजच्या प्रमाणात खात राहायची असते, कारण मात्रा त्या प्रमाणाशीच जुळवलेली असते. दात काढल्यावर आठवडाभर भाजी सोडून केवळ पेजेवर राहिलेल्या रुग्णाचा आयएनआर वाढू शकतो, आणि नेमका जखम भरण्याच्या दिवसांत.

रात्री रक्त सुरू झाले तर आधी पाहावे की ते खरोखर रक्त आहे की रक्ताने गुलाबी झालेली लाळ. थेंबभर रक्त वाटीभर लाळेला रंगवते आणि पहिल्या दिवशी थोडे झिरपणे स्वाभाविक असते. तोंड रक्ताने पुन्हा पुन्हा भरत असेल तर ताठ बसावे, स्वच्छ गॉझ किंवा धुतलेल्या सुती रुमालाची जाड घडी ओली करून नेमकी खोबणीवर ठेवावी आणि घड्याळ लावून २० मिनिटे चावून धरावी. मधून उचलून पाहू नये. न थांबल्यास आणखी एकदा तेवढाच वेळ. त्यानंतरही रक्त वाहत असेल, चक्कर येत असेल, जिभेखाली किंवा गळ्याजवळ सूज वाढत असेल अथवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे ही लक्षणे दिसली तर ती रक्तस्रावाची नव्हेत, गुठळीची किंवा मेंदूतील रक्तस्रावाची असू शकतात. तेव्हा दाताचा विचार सोडून थेट मोठे रुग्णालय गाठावे.

रुग्णालयात जाताना गोळ्यांची पाकिटे, झडपेचे किंवा स्टेंटचे ओळखपत्र आणि आयएनआरची वही सोबत असावी. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे घरातील एकाला तरी ठाऊक असावे. रक्त थांबून रुग्ण स्थिर झाला की त्या दिवशीची गोळी घ्यायची की नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगायचे आहे. एरवी दात काढलेल्या दिवशीही ॲसिट्रॉमची संध्याकाळची गोळी ठरलेल्या वेळेलाच घ्यायची असते.